हार, तसबीर आणि येरवडा

शाळेतल्या जयंतीचा साचा महाराष्ट्रात सगळीकडे सारखाच असतो. परिपाठाच्या वेळी एक टेबल बाहेर येते, त्यावर धुतलेली चादर पडते, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या भिंतीवरची तसबीर पुसून त्यावर ठेवली जाते. समई, उदबत्ती, झेंडूचा हार. कुणी पाहुणे असतील तर शाल आणि नारळ, नसतील तर मुख्याध्यापकच अध्यक्ष. मग सातवीतली एखादी मुलगी ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरुवात करते, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईवडिलांची नावे एका दमात सांगते आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ म्हणत धावत जागेवर येऊन बसते. टाळ्या होतात, आभार मानले जातात आणि तसबीर पुन्हा खिळ्यावर जाते. कुणाची जयंती कधी, हे शाळेला ठरवावे लागत नाही. राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्यांची यादी राज्याचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रकाने कळवतो. या कार्यक्रमाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. मला तो बंद व्हावा असे वाटत नाही. पण येरवड्यातली शाळाही तो इतरांसारखाच उरकत असेल, तर ती आपल्या दारातला इतिहास वाया घालवते आहे, असे माझे म्हणणे आहे.

कारण परिपत्रकातली बरीच माणसे येरवड्याला फक्त तसबिरीतून आलेली नाहीत. ती इथे राहिली, शिकली, भांडली, उपाशी राहिली. काही इथे मेली. नदीच्या या काठावरच्या डेक्कन कॉलेजात टिळक १८७०च्या दशकात विद्यार्थी होते आणि वीस-एक वर्षांनी त्याच येरवड्यातल्या तुरुंगात कैदी. ते मध्यवर्ती कारागृह १८७१चे. गांधीजी तिथे पहिल्यांदा १९२२ मध्ये आले आणि १९२४च्या जानेवारीत आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी ससूनमध्ये हलवले जाईपर्यंत तिथेच होते; पुढे १९३० आणि १९३२ मध्ये पुन्हा आले. १९३३च्या मे महिन्यातला त्यांचा एकवीस दिवसांचा उपवास तुरुंगात सुरू झाला, त्याच दिवशी त्यांना सोडले आणि तो पुरा झाला जवळच्या टेकडीवर, लेडी ठाकरसींच्या पर्णकुटी बंगल्यात. आज पर्णकुटी हे बसच्या पाटीवरचे एका चौकाचे नाव आहे. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२चा. तिथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई १९४२च्या ऑगस्टपासून नजरकैदेत होते. गाडीतळ, गुंजन चौक, नागपूर चाळ, लक्ष्मीनगर इथून शाळेत जाणारी मुले या सगळ्याला रोज वळसा घालून जातात. पुण्याच्या दुसऱ्या कुठल्याही भागातल्या शाळेला एवढी सोय नाही.

मुळात थोर पुरुषाचा उत्सव सार्वजनिकपणे करायचा, ही प्रथा या शहरात कशी रुजली ते पाहिले तर आजचा कार्यक्रम किती मवाळ झाला आहे हे लक्षात येते. शिवाजी महाराजांवर जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पवाडा लिहिला, तो कष्टकरी कुणब्यांचा राजा म्हणून. टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावर उत्सव केला, तो पारतंत्र्यातल्या राष्ट्राला जाग आणण्यासाठी. राजा एकच, पण तो कोणाचा आणि कशासाठी आठवायचा यावर पहिल्यापासून दोन मते होती आणि दोन्ही मते उघड मांडली जात होती. १८९७च्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले, अध्यक्षस्थानावरून टिळक बोलले आणि १५ जूनच्या ‘केसरी’त त्याचा वृत्तान्त आला. आठवड्याभरात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. पुराव्यात होता तो ‘केसरी’तला मजकूर, म्हणजे एका परीने जयंतीचा वृत्तान्तच. मुंबईच्या हायकोर्टात नऊ जणांच्या ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांची. त्यातला बराच काळ गेला येरवड्यात. टेबलावर चादर घालून आपण जो कार्यक्रम करतो त्याचा पूर्वज हा आहे. त्या कार्यक्रमात बोलणारा माणूस काहीतरी पणाला लावून बोलत होता आणि ऐकणाऱ्याला त्यातून एखादी भूमिका घ्यावी लागत होती.

हे वर्ष, १८९७, शाळेने जरा थांबून पाहावे असे आहे. शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते, टिळकांची होते २३ जुलैला, चापेकर बंधूंचा उल्लेख कधी क्रांतिकारकांच्या यादीत येतो. तीन दिवस, तीन भाषणे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मुलाला कुणी सुचवत नाही. वास्तविक ही सगळी माणसे एकाच रोगाने बांधलेली आहेत. प्लेग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ला सरकारने साथरोगांचा कायदा केला. रँडच्या हुकमाखाली गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना उचलून नेऊ लागले. सावित्रीबाई त्याच साथीत दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. येरवड्यापासून नदीपलीकडे असलेल्या मुंढव्याच्या वस्तीतले एक आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले, असे त्यांच्या चरित्रात येते. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तीन महिन्यांनी दामोदर चापेकरांनी रँडला मारले. रोग तोच, सरकारही तेच. पण एका बाईने त्याला उत्तर दिले ते रोग्याला उचलून आणि एका तरुणाने पिस्तुलाने. टिळकांनी झडत्यांच्या पद्धतीवर लेखणी चालवली आणि त्याच वेळी लोकांसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यातही पुढाकार घेतला. २०२०च्या मार्चमध्ये करोनासाठी सरकारने जो कायदा पुकारला तो हाच, १८९७चा. ज्या मुलांनी टाळेबंदी पाहिली आहे त्यांना साथ, सक्ती, अफवा आणि सेवा हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. त्यांना फक्त हे सांगावे लागते की हे सगळे इथे एकदा होऊन गेले आहे.

आणि त्याचा शेवट येरवड्यातच झाला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ला इथे फाशी दिली, तेव्हा टिळक याच तुरुंगात होते; त्यांनी आपली गीतेची प्रत दामोदरांना दिली असे सांगितले जाते. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला त्यांचे साथीदार महादेव विनायक रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन फाशी, त्यातले दोघे सख्खे भाऊ. ही हकिगत मुलांना सांगताना एक अवघड गोष्टही सांगावी लागते. दामोदरांनी कैदेत लिहिलेल्या आत्मवृत्तात इंग्रजांइतकाच राग सुधारकांवरही आहे. ज्या सुधारणांची पताका फुले दांपत्याने खांद्यावर घेतली होती, त्या या तरुणांना धर्मबुडवेपणाच्या वाटत. म्हणजे भिंतीवर शेजारी-शेजारी टांगलेल्या तसबिरींतली माणसे एकमेकांना मान्य असतीलच असे नाही. हे लपवले तर चापेकर बंधूंचे धैर्य वाढत नाही. सांगितले तर कमीही होत नाही.

तसबिरींच्या या शेजारामुळे मुलांपासून दूर राहिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुणे करार. २ ऑक्टोबरला गांधीजींना हार, १४ एप्रिलला बाबासाहेबांना हार. दोन्ही दिवशी समता, बंधुता हेच शब्द. पण १९३२च्या सप्टेंबरमध्ये हे दोघे याच तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली समोरासमोर बसले होते ते मतभेद घेऊन. ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांच्या ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि त्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींना स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे हिंदू समाजाची कायमची चिरफाड वाटत होती. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. बाबासाहेबांना तोच हक्क म्हणजे स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडण्याची एकमेव हमी वाटत होती, आणि गांधींचा प्राण गेला तर गावोगावच्या दलितांवर काय ओढवेल याचे दडपण त्यांच्यावर होते. २४ सप्टेंबरला करार झाला: स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१वरून १४८ झाल्या, मध्यवर्ती कायदेमंडळातल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के राखीव ठरल्या. त्यावर सह्या करणाऱ्यांत मदनमोहन मालवीय होते, स्वतः बाबासाहेब होते, आणि पुण्यात गोलंदाजी करत घडलेले, देशभर नाव झालेले क्रिकेटपटू पी. बाळू, म्हणजे पळवणकर बाळू, हेही होते. (क्रिकेटवेड्या वर्गाला एवढी एक ओळ पुरे, बाकीचा तास ती मुले स्वतःच चालवतील.) उपोषण २६ तारखेला सुटले तेव्हा रवींद्रनाथ टागोर तुरुंगात हजर होते. आणि बाबासाहेबांनी १९४५च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या कराराची कठोर झाडाझडती घेतली. आजच्या राखीव मतदारसंघांची वाट याच करारातून आली आहे. ज्या वॉर्डात ही शाळा उभी आहे तिथले मतदारही त्या व्यवस्थेत मत देतात. असा करार आपल्या शाळेच्या आसपास झाला आणि तो सहजासहजी झाला नाही, हे न कळता मूल दहावी पास होत असेल तर जयंतीच्या दहा भाषणांनी त्याला दिले तरी काय?

झेंडावंदनाच्या दिवसाचेही असेच आहे. १५ ऑगस्टला येरवड्यातली मुले पहाटे उठून, इस्त्रीचा गणवेश घालून शाळेत जातात. त्याच तारखेला, १९४२ साली, आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई गेले. ९ ऑगस्टला अटक, सहाव्या दिवशी मृत्यू, वय पन्नास. गांधीजींचा पत्रव्यवहार, दैनंदिनी, भाषांतरे यांत पंचवीस वर्षे घालवलेला हा माणूस स्वातंत्र्यदिनाच्या बरोबर पाच वर्षे आधी गेला. त्याच वाड्यात २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. चौथे आगाखान यांनी १९६९ मध्ये ही वास्तू देशाला दिली आणि आता ती स्मारक म्हणून पाहता येते. झेंडावंदनानंतर लाडू वाटून मुलांना घरी सोडण्याआधी वरच्या वर्गातली तीस मुले तिथवर नेणे, एवढेच करायचे आहे. भाषण कुणी केले नाही तरी चालेल.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप शिक्षकांचा: वेळ कुठे आहे? परिपत्रकात जयंत्या भरपूर, त्यात सप्ताह, पंधरवडे, शपथा, ऑनलाइन फोटो चढवण्याची घाई, वर सर्वेक्षणांची आणि निवडणुकांची कामे. यात खोटे काही नाही. फोटो चढवण्यासाठी कार्यक्रम करावा लागतो, ही शिक्षकांची तक्रार ज्यांनी परिपत्रके काढली त्यांनी ऐकली पाहिजे. पण म्हणूनच माझा आग्रह नवा कार्यक्रम वाढवण्याचा नाही. वर्षातल्या यादीपैकी येरवड्याशी थेट नाते असलेले चार-पाच दिवस निवडावेत आणि त्या दिवशी पाठ केलेल्या भाषणाऐवजी एकच कागद फळ्यासमोर वाचावा: कराराची कलमे, खटल्याच्या निकालाची बातमी, समाधीवरचा मजकूर. बाकीच्या दिवशी हार घालून पाच मिनिटांत मोकळे व्हावे. वेळ उलट वाचेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. महापुरुषांमधले मतभेद वर्गात काढले की पालक येतात, भावना दुखावतात, कुणीतरी व्हिडिओ काढतो, आणि मुख्याध्यापकांची पुढची सहा महिन्यांची झोप जाते. येरवड्यासारख्या वस्तीत, जिथे सगळ्या जातीधर्मांची मुले एका बाकावर बसतात, हा धोका आहेच. पण टाळाटाळीने तो टळतो असे दिसत नाही. कराराबद्दल शाळा गप्प बसली म्हणून मुलांना त्याबद्दल काही कळत नाही असे नाही. ती ते चौकातल्या फलकांवरून, मोबाइलवर फिरणाऱ्या अर्धवट मजकुरातून शिकतात आणि तिथे दुसऱ्या बाजूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापलीकडे काही नसते. शाळेकडे निदान दोन्ही बाजूंचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवण्याची सोय आहे. शिक्षकाने निकाल द्यायचा नाही; गांधींना काय भीती वाटत होती आणि बाबासाहेबांना काय, एवढे त्यांच्याच शब्दांत मांडायचे. शिवजयंतीच्या तारखेचेच पाहा ना. शिवकालीन घटनांच्या नोंदी असलेली जेधे शकावली टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या फाल्गुन वद्य तृतीयेच्या नोंदीवर अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खल केला, आणि आज शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला होते. कुणी अजून तिथीने करतो, कुणी तारखेने, आणि शहर चालू राहते.

तिसरा आक्षेप असा की समारंभ हा इतिहासाचा तास नव्हे. तिथे मुलाच्या मनात आदर रुजावा एवढेच पुरे, चिकित्सा कॉलेजात होईल. यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. सगळ्या शाळेने एकत्र उभे राहणे, राष्ट्रगीत, फुले वाहणे यांत एक सामुदायिक संस्कार असतो आणि तो पुस्तकातून येत नाही. म्हणूनच कार्यक्रम बंद करा असे मी म्हणत नाही. दुसरा अर्धा मात्र टिकत नाही. नागपूर चाळीतली किती मुले कॉलेजात इतिहास घेतील? बहुतेकांच्या आयुष्यात महादेवभाई किंवा पुणे करार येण्याची पहिली आणि शेवटची संधी शाळाच आहे. शिवाय ज्याच्याबद्दल आपल्याला फक्त जन्मतारीख ठाऊक आहे त्याच्याबद्दलचा आदर परीक्षेपुरता राहतो. टिळक तुरुंगात होते हे सगळ्यांनाच माहीत असते. ते सकाळी आपण ज्या भिंतीच्या कडेने शाळेत येतो त्याच भिंतीमागे होते हे कळले की गोष्ट वेगळी होते.

आणि तुरुंग अजून चालू आहे, तिथे शाळा कशी जाणार, असे म्हणण्याचीही आता सोय राहिलेली नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी राज्य सरकारने कारागृह पर्यटनाची योजना सुरू केली ती येरवड्यापासूनच, आणि शाळकरी विद्यार्थ्यांसाठी शुल्क ठेवले पाच रुपये. चालू तुरुंग असल्याने परवानगी, सुरक्षा, ठरावीक संख्या ही बंधने राहणारच, आणि ती असावीतही. पण पत्रव्यवहार करण्याचे काम शाळेने एकट्याने करण्यापेक्षा मनपाच्या शिक्षण विभागाने येरवड्यातल्या सगळ्या शाळांसाठी एकदाच केले तर बरे.

सुरुवात करायला एक तारीख सुचवतो. १२ जानेवारीला शाळेत जिजाऊ आणि विवेकानंद यांच्या तसबिरी असतात, आणि असाव्यात. पण याच तारखेला, १९३१ साली, सोलापूरच्या चार जणांना येरवड्यात फाशी दिली गेली. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात उठाव झाला, सरकारने मार्शल लॉ पुकारला, पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून खटला चालला. चौघांत एक मारवाडी व्यापारी होता, एक लिंगायत, एक मराठा आणि एक मुसलमान. सोलापुरात त्यांचे पुतळे आहेत, तिथे दरवर्षी त्यांना अभिवादन होते. येरवड्यातल्या शाळांनी येत्या १२ जानेवारीला परिपत्रकातला कार्यक्रम झाल्यावर फळ्यावर चार नावे लिहावीत आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगावीत: मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.